द्राक्षबागेतील सूत्रकृमी : खरी लढाई लागवडीपूर्वीची

द्राक्षबागेच्या एखाद्या कोपऱ्यातील दहा-पंधरा वेली इतरांच्या मागे राहतात. छाटणीनंतर फुटवे एकसारखे निघत नाहीत, काडी बारीक राहते, पेरांतील अंतर कमी होते, पाने लहान व फिकट दिसतात. पुढील हंगामात तोच पट्टा थोडा रुंदावलेला असतो. अशा वेळी बागायतदार प्रथम विद्राव्य खतांची मात्रा वाढवितो, मग सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करतो आणि शेवटी पाणी वाढवून पाहतो. खर्च वाढत जातो, वेल मात्र सुधारत नाही. जमिनीत अन्न पुरेसे असूनही ते उचलणारी पांढरी मुळी निकामी झालेली असते. अशा अनेक बागांत मुळे धुऊन पाहिल्यास त्यांवर मण्यांसारख्या बारीक गाठी आढळतात. त्या गाठींत सूत्रकृमी असतात.

द्राक्षबाग साधारणतः बारा ते पंधरा वर्षांसाठी उभी केली जाते. मांडव, ठिबक संच, खुंटरोपे व कलमे यांवरील मोठा खर्च पहिल्या दोन वर्षांतच होतो. भाजीपाल्यात सूत्रकृमी आढळले तर पुढील हंगामात पीक बदलता येते. द्राक्षात ही सोय नाही. उभ्या बागेत एकदा स्थिरावलेल्या सूत्रकृमींचे समूळ उच्चाटन होत नाही, त्यांची संख्या फक्त आटोक्यात ठेवता येते. म्हणून या किडीबाबतचे सर्वांत मोलाचे निर्णय पहिले रोप खड्ड्यात ठेवण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

मातीतील अदृश्य प्राणी

सूत्रकृमी हे दोऱ्यासारख्या लांबट शरीराचे सूक्ष्म प्राणी होत. ते सर्वच शत्रू नसतात. मातीतील अनेक सूत्रकृमी जिवाणू व बुरशी खाऊन जगतात आणि अन्नद्रव्ये मोकळी होण्यास हातभार लावतात. काही कीटकांच्या शरीरात वाढतात. १९९२ मध्ये तमिळनाडूतील नमुन्यांवरून वर्णन केलेली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जाती आज हुमणीसारख्या किडींच्या जैविक नियंत्रणासाठी वापरली जाते. पिकांना अपाय करणाऱ्या सूत्रकृमींच्या तोंडात मात्र सुईसारखा पोकळ काटा असतो. तो पेशीत खुपसून ते रस शोषतात.

द्राक्षात सर्वाधिक महत्त्वाचा गट मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा आहे. इंग्लंडमध्ये बर्कली यांनी १८५५ मध्ये काचगृहातील काकडीच्या मुळांवर अशा गाठींची नोंद केली. भारतात बार्बर यांनी १९०१ मध्ये दक्षिणेतील चहाच्या मुळांवर त्या पाहिल्या. या गटातील मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा व मेलॉइडोगायनी जावानिका या जाती उष्ण प्रदेशांत सर्वदूर पसरलेल्या असून त्यांची यजमान पिके शेकड्यांनी मोजता येतील. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडीवर्गीय भाज्या, डाळिंब आणि पेरू ही त्यांतील आपल्या परिचयाची नावे.

या किडीचा जीवनक्रम समजला की व्यवस्थापनाच्या शिफारशी आपोआप उलगडतात. अंड्यातून बाहेर पडणारी दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. मुळात शिरू शकणारी अवस्था हीच. ती कोवळ्या मुळीच्या टोकामागून आत शिरतात, एका जागी स्थिरावतात आणि आपल्या लाळेने भोवतालच्या काही पेशींना फुगवून राक्षसी आकाराच्या बनवितात. या पेशी म्हणजे सूत्रकृमीचे अन्नकोठार. वेलीने तयार केलेले अन्न तिकडे वळते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका विस्कळीत होतात आणि बाहेरून गाठ दिसू लागते. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते व मुळाच्या पृष्ठभागावर चिकट आवरणात तीनशे ते पाचशे अंडी घालते. जमिनीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर हे चक्र सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होते. या जातींत पुनरुत्पादनासाठी नराची आवश्यकता नसते. एका मादीच्या शेकडो अंड्यांपैकी केवळ दहा पिल्ले माद्या होऊन अंडी घालू लागली, असे धरले तरी सहा पिढ्यांनंतर हा आकडा दहा लाखांवर जातो. रोपाच्या पिशवीतून आलेला एक अंडीपुंजही बागेला पुरेसा ठरतो, तो यामुळेच.

मूत्रपिंडाच्या आकाराची मादी असलेला रोटायलेंक्युलस रेनिफॉर्मिस हा सूत्रकृमी गाठी करत नाही. त्याच्या अंडीपुंजांना मातीचे कण चिकटून राहतात. त्यामुळे मूळ पाण्यात हलवून धुतले तरी मळकट दिसते. प्रॅटिलेंकस गटातील सूत्रकृमी मुळांवर तपकिरी चट्टे पाडतात. खंजीर सूत्रकृमींचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील ह्युइट, रास्की व गोहीन यांनी झिफिनेमा इंडेक्स हा सूत्रकृमी द्राक्षातील पंखपर्ण विषाणूचा प्रसार करतो, हे दाखवून दिले. सूत्रकृमी वनस्पतींचे विषाणू वाहून नेतात, याचा तो पहिला पुरावा होता. परदेशातून आणलेल्या लागवड साहित्याचे विलगीकरण का करावे लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

निदान चुकते कोठे?

वेलीच्या वरच्या भागावर दिसणारी लक्षणे सूत्रकृमींची खास ओळख पटवीत नाहीत. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेने येतो, चुनखडीयुक्त जमिनीत येतो, पाणी साचूनही येतो. खोडकिडीनेही वेल अशीच खंगते. मात्र तेथे खोडावर छिद्रे व बुंध्याशी भुसा आढळतो. भुसा नाही, बुंध्याशी वाळवी नाही, पाणी व खते सर्व ओळींना सारखीच आहेत, तरीही खुरटलेल्या वेलींचे ठरावीक पट्टे दिसतात आणि ते दरवर्षी रुंदावतात, अशा वेळी कुदळ हाती घेणे आवश्यक ठरते.

दुपारच्या उन्हात जमिनीत ओल असूनही शेंडे मलूल होणे हेही सूचक लक्षण आहे. ड्रीपरखालील ओलाव्याच्या पट्ट्यात १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवर बारीक मुळे सापडतात. ती उपटू नयेत, कारण गाठी असलेली मुळी तुटून मातीतच राहते. मातीसह ढेकूळ काढून बादलीतील पाण्यात अलगद सोडावे, माती विरघळू द्यावी आणि मग मुळे साध्या भिंगाखाली पाहावीत. द्राक्षाच्या मुळांवरील गाठी टोमॅटोवरील गाठींइतक्या ठळक नसतात. बारीक मुळीवर ओवलेल्या मण्यांप्रमाणे त्या दिसतात.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना पूर्णतः वाळलेल्या वेलीची निवड करू नये. तेथे अन्न संपलेले असल्याने सूत्रकृमी कमी आढळतात व अहवाल फसवा येतो. खुरटलेल्या पट्ट्याच्या कडेच्या वेलींजवळून, वाफसा असताना, पंधरा ते वीस ठिकाणची माती व मुळे घ्यावीत. ती एकत्र मिसळून सुमारे अर्धा किलो माती व मूठभर बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावीत. निरोगी भागाचा नमुना वेगळा द्यावा, म्हणजे तुलना करता येते. खत परीक्षणाच्या मातीप्रमाणे हा नमुना वाळवू नये. सूत्रकृमी जिवंत असतील तरच ते मोजता येतात. पिशवी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये व शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. अहवालात केवळ संख्या न मागता गट कोणता, हेही विचारावे. उपद्रवी नसलेले सूत्रकृमी मोजून घाबरण्याचे कारण नाही.

एका औषधाचा इतिहास

‘उभ्या बागेत सूत्रकृमी मारणारे एखादे औषध नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. असे औषध एकेकाळी होते. डीबीसीपी नावाचे धुरीजन्य रसायन जिवंत वेलींभोवती देता येत असे. त्याने वेल मरत नसे, सूत्रकृमी मात्र कमी होत. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत त्याचा मोठा वापर झाला. १९७७ मध्ये ते तयार करणाऱ्या तेथील कारखान्यातील कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने त्याचा वापर थांबविला आणि १९७९ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सर्व पिकांवरील परवानगी रद्द झाली. तोपर्यंत ते विहिरींच्या पाण्यात उतरले होते. पुढे लागवडीपूर्वी जमिनीला धुरी देण्यासाठी वापरले जाणारे मिथाइल ब्रोमाइडही ओझोन थराच्या रक्षणासाठी माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मातीत खोलवर जाऊन सर्वत्र पसरणारे रसायन पाण्यातही पोहोचते. शिवाय मुळातील मादी, चिकट आवरणातील अंडी आणि ड्रीपरपासून दूर गेलेली मुळे यांपर्यंत सध्याची औषधे पूर्णपणे पोहोचत नाहीत. काही महिन्यांत संख्या पुन्हा वाढते. निर्यातीच्या द्राक्षांत अवशेषांचा प्रश्नही उरतोच. म्हणून ज्या औषधाच्या लेबलवर द्राक्ष पिकाची नोंद आहे, तेच, नमूद मात्रेत व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळून वापरावे. टोमॅटोसाठी नोंदलेले सूत्रकृमीनाशक शेजाऱ्याच्या सांगण्यावरून द्राक्षात सोडणे हे खर्चाचे व जोखमीचे आहे.

खुंटरोपावर किती भरवसा ठेवावा?

महाराष्ट्रात डॉगरिज खुंटाचा प्रसार मुख्यतः क्षारयुक्त पाणी व पाणीटंचाई यांमुळे झाला. टेक्सासमधील व्हिटिस चॅम्पिनी या रानटी द्राक्षातून निवडलेल्या या खुंटात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धही चांगली प्रतिकारक्षमता आहे. त्याच जातीतील रॅम्से हा खुंट ऑस्ट्रेलियाच्या वालुकामय जमिनींत याच गुणासाठी लावला जातो. स्वमुळांवरील थॉमसन सीडलेसच्या तुलनेत हा मोठाच लाभ होय.

तथापि प्रतिकारक्षमता कायमची नसते. डॉगरिजच्या संकरातून अमेरिकेत तयार झालेले हार्मनी व फ्रीडम हे खुंट अनेक वर्षे उपयोगी पडले. पण पुढे कॅलिफोर्नियात त्यांच्यावरही वाढू शकणाऱ्या सूत्रकृमींच्या समष्टी आढळल्या. त्यामुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने २००८ मध्ये अनेक प्रकारच्या सूत्रकृमींना एकाच वेळी तोंड देऊ शकणारे जीआरएन मालिकेतील पाच नवे खुंट प्रसारित केले. एकाच खुंटावर सर्व क्षेत्र उभे राहिले की त्याच्यावर मात करू शकणाऱ्या सूत्रकृमींचीच निवड होत जाते, हे तत्त्व येथेही लागू पडते. तसेच एका खुंटाचा गुण दुसऱ्यात गृहीत धरू नये. ११० आर हा खुंट इतर कारणांसाठी चांगला असला तरी या किडीविरुद्ध तो डॉगरिजइतका सक्षम समजू नये.

आणखी एक बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. बोदावर माती चढविताना कलमाचा जोड मातीत गाडला गेला, तर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात. ही मुळे सूत्रकृमींना सहज बळी पडतात. बागायतदाराला वाटते, बाग डॉगरिजवर आहे. प्रत्यक्षात काही वेली हळूहळू थॉमसनच्या मुळांवर जगू लागतात. जोड जमिनीपासून नेहमी वर व उघडा ठेवावा.

लागवडीपूर्वीची तीन दारे

सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात फार अंतर कापत नाही. त्याला बागेत आणतो तो माणूसच. त्याची येण्याची प्रमुख दारे तीन.

पहिले दार जमिनीचे. नाशिक जिल्ह्यात अनेक द्राक्षबागा टोमॅटोच्या रानात उभ्या राहतात. इतरत्र वांगी, मिरची किंवा काकडीवर्गीय पिकांनंतर लागवड होते. अशा जमिनीची परीक्षा घेण्याची एक स्वस्त पद्धत आहे. शेताच्या वेगवेगळ्या भागांतील माती पाच-सहा कुंड्यांत भरून त्यांत टोमॅटोच्या प्रतिकारक नसलेल्या वाणाची रोपे लावावीत. पाच ते सहा आठवड्यांनी ती मातीसह काढून मुळे धुवावीत. गाठी दिसल्या, तर त्या जमिनीत द्राक्ष लावण्याची घाई करू नये. ही परीक्षा केवळ गाठी करणाऱ्या गटापुरती आहे. इतर गटांसाठी प्रयोगशाळेची तपासणी हवीच.

अशा जमिनीत उन्हाळ्यात दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन खोल नांगरटी कराव्यात, आधीच्या पिकाची व जुन्या द्राक्षाची मुळे वेचून काढावीत. बाग उपटल्यावरही जाड मुळे बराच काळ जिवंत राहतात आणि त्यांवर सूत्रकृमी तग धरतात. त्यानंतर एक हंगाम ताग किंवा झेंडू घ्यावा. ताग या किडीच्या वाढीस अनुकूल नाही व गाडल्यावर सेंद्रिय पदार्थ देतो. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक आहे. मात्र त्या काळात शेत तणमुक्त राहिले पाहिजे. अनेक रुंद पानांच्या तणांवर ही कीड सुखाने जगते.

दुसरे दार रोपवाटिकेचे, आणि ते सर्वांत धोकादायक. पिशवीतील माती कोणत्या शेतातून आली, हे क्वचितच विचारले जाते. या निष्काळजीपणाची किंमत पेरूने मोजली आहे. मेलॉइडोगायनी एंटेरोलोबी ही आक्रमक जाती भारतात प्रथम तमिळनाडूतील पेरूवर २०१६ मध्ये नोंदली गेली. बाधित रोपांबरोबर ती नव्या बागांत पोहोचते. द्राक्षाच्या बाबतीत ती चूक टाळणे अद्याप आपल्या हाती आहे.

रोपांची गाडी उतरण्यापूर्वी काही पिशव्या फाडून मुळे धुऊन पाहावीत. किती? दर दहा रोपांत एक बाधित असेल, तर वीस रोपे तपासूनही एकही बाधित रोप न सापडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के राहते. तीस रोपे तपासल्यास ती सुमारे ४ टक्क्यांवर येते. एकरभर लागवडीसाठी लागणाऱ्या हजारभर रोपांपैकी तीस रोपांचा तोटा बागेच्या आयुष्याच्या तुलनेत नगण्य आहे. निरनिराळ्या वाफ्यांतील व चांगली मुळे सुटलेली रोपे तपासावीत, कारण नुकत्याच झालेल्या प्रादुर्भावात गाठी दिसत नाहीत. एकाही रोपावर गाठी आढळल्या तर संपूर्ण खेप नाकारावी.

रोपवाटिकाधारकांनी पिशव्यांसाठीच्या मातीचे एप्रिल-मेमध्ये सौरनिर्जंतुकीकरण करावे. माती ओलवून तिचा पातळ थर द्यावा, त्यावर २५ मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद अंथरून कडा मातीने बंद कराव्यात व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळा कागद या कामी तितका उपयोगी नाही. पिशव्या उघड्या जमिनीवर न ठेवता जाड प्लॅस्टिक किंवा खडीच्या थरावर ठेवाव्यात, नाहीतर मुळे खाली उतरून पुन्हा बाधित होतात. कॅलिफोर्नियात सुप्तावस्थेतील, माती झाडलेल्या मुळांची रोपे सुमारे ५२ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवितात. आपल्याकडील पिशवीतील पालेदार रोपांवर हा प्रयोग करू नये, ती होरपळतील.

तिसरे दार अवजारांचे व आंतरपिकांचे. बाधित प्लॉटमधून ट्रॅक्टर व कुदळी धुतल्याशिवाय नव्या प्लॉटमध्ये नेऊ नयेत. पहिल्या वर्षी मोकळ्या ओळींत टोमॅटो, वांगी किंवा काकडी घेण्याचा मोह टाळावा. त्यातून मिळणारे उत्पन्न एका हंगामाचे, तर वाढणारी कीड बागेच्या आयुष्यभराची असते.

उभ्या बागेत काय करावे?

बाग आधीच बाधित असेल तर दोन उद्दिष्टे ठेवावीत : सूत्रकृमींची संख्या खाली आणणे आणि नवी पांढरी मुळी सतत फुटत ठेवणे. दोन्ही उद्दिष्टांसाठी सेंद्रिय पदार्थ हा पाया आहे.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत प्रति वेल २०० ग्रॅम निंबोळी पेंड, तसेच छाटणीपूर्वी प्रति वेल १०० ग्रॅम स्यूडोमोनास फ्लुरोसन्स बुंध्यापासून १५ सेंटिमीटर अंतरावर व तितक्याच खोलीवर देणे, यांचा समावेश आहे. नऊ बाय पाच फूट अंतरावरील बागेत एकरी सुमारे ९७० वेली बसतात. म्हणजे निंबोळी पेंड एकरी जवळपास दोन क्विंटल लागते.

अंडी खाणाऱ्या बुरशींपैकी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही सर्वांत परिचित होय. पॅसिलोमायसिस या जुन्या नावानेच ती बाजारात अधिक ओळखली जाते. पेरूमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील त्या देशात, १९७९ मध्ये बटाट्यावरील सूत्रकृमींच्या अंड्यांवर ती आढळली होती. पोचोनिया क्लॅमिडोस्पोरिया ही बुरशीही अंड्यांवर जगते. बंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या पद्धतीनुसार एक टन कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस व स्यूडोमोनास प्रत्येकी दोन किलो मिसळावे, ढीग सावलीत ओलसर व झाकून पंधरा दिवस ठेवावा आणि मग मुळांच्या कक्षेत द्यावा. अशा खतात जैविक घटक वाढलेले असतात. उघड्या, कोरड्या मातीवर टाकलेली पावडर मात्र उन्हाने वाया जाते.

वेळेलाही तितकेच महत्त्व आहे. एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळ छाटणी यांच्या आसपास बोद मोकळे करून खत देण्याची पद्धत आहेच. समृद्ध केलेले खत व निंबोळी पेंड त्याच वेळी द्यावी, म्हणजे नव्या मुळीला सुरुवातीपासून संरक्षण मिळते. खरड छाटणीनंतर बोदावर पाचटाचे आच्छादन केल्यास ओल टिकते व उपयुक्त बुरशी तग धरते. जैविक घटक दिल्यावर लगोलग बुरशीनाशकाची आळवणी करू नये. नऊशे रुपयांच्या बुरशीनाशकाने हजारांचे जैविक खत निष्प्रभ करणे, ही अनेक बागांतील नेहमीची विसंगती आहे.

बाधित वेलींवर घडांचे ओझे कमी ठेवावे. दुबळी मुळी निरोगी वेलीइतके पीक पेलू शकत नाही. जास्त घड ठेवल्यास मणी फुगत नाहीत आणि पुढील हंगामाची काडीही पक्व होत नाही. नुकसान भरून काढण्यासाठी नत्र वाढविणे हा उपाय नव्हे.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

शेतकरी सल्ला विचारतो तो बहुधा बाग पिवळी पडल्यावर. त्या वेळी सांगण्यासारखे उपाय थोडे व संथ असतात. एका हंगामात चमत्कार घडेल असे आश्वासन कोणीही देऊ नये. गावात नव्या लागवडीची चर्चा सुरू होते, रोपांची मागणी नोंदविली जाते, टोमॅटोचे रान मोडले जाते, तो काळ सल्ल्यासाठी सर्वांत फलदायी आहे. टोमॅटोच्या सहा कुंड्या, फाडलेल्या तीस पिशव्या आणि मोकळ्या ओळींत नाकारलेले एक आंतरपीक, एवढ्या किमतीत बारा-पंधरा वर्षांच्या बागेचे मूळ सुरक्षित राहू शकते. प्रत्येक नव्या बागेच्या नोंदवहीत मातीची तपासणी, रोपांचे मूळ ठिकाण व मुळांची पाहणी या तीन नोंदी लागवडीच्या तारखेआधी झालेल्या असाव्यात.